नोकरी लागल्यावर फी, मग सही आत्ताच कशाला?

ताई, नमस्कार.

मी बार्शीची. एका पतसंस्थेत कारकून आहे. यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. मोठा मुलगा २०२३ साली मेकॅनिकलमधून बी. ई. झाला आणि पुढच्या वर्षापासून चाकणला एका कंपनीत ट्रेनी आहे. हातात १६ हजार पडतात. आता त्याला ती नोकरी सोडून घरी बसून ऑनलाइन कोडिंगचा कोर्स करायचा आहे. ३५ आठवडे, सकाळी ९ ते रात्री ९. आधी एक रुपयाही भरायचा नाही. वर्षाला ५ लाखांच्या वर नोकरी लागली की पगाराचे १५ टक्के ३६ महिने द्यायचे, जास्तीत जास्त साडेतीन लाख आणि वर जीएसटी. नोकरी नाही लागली तर काहीच द्यायचं नाही, असं तो म्हणतो. जाहिरातीत ९३ टक्के प्लेसमेंट लिहिलं आहे.

मला आधी बरं वाटलं होतं. पण परवा त्याने मोबाइलवर कागद दाखवले, त्यात एका फायनान्स कंपनीचा अर्ज निघाला. सहअर्जदार म्हणून माझं नाव, माझं पॅन आणि माझ्या खात्याचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, मागितला आहे. कोर्स चालवणाऱ्या ऑनलाइन शाळेच्या काउन्सेलरला विचारलं तर ती फोनवर म्हणाली, "मॅडम, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे." शनिवारपर्यंत सही झाली नाही तर सीट जाईल, असंही सांगितलं. मुलगा म्हणतो, तू गावाला कर्ज वाटतेस आणि माझ्यावरच विश्वास नाही. आता माझ्याशी धड बोलतही नाही. धाकटी यंदा बारावी सायन्सला आहे. माझ्या नावावर असलं काही लागलं तर तिच्या शिक्षणाचं काय होईल? सही करू का?

एक आई, बार्शी

—

नमस्कार.

या शनिवारी सही करू नका. बाकीचं सविस्तर सांगतेच, पण मुदत जवळ आली आहे म्हणून हे आधी. अशा ऑनलाइन शाळांच्या बॅचेस वर्षभर सुरू होत असतात. ही गेली तर पुढची मिळते. जो कागद तुम्हाला काही वर्षं बांधून ठेवणार, तो वाचायला आठवडाभराचीही उसंत न देणाऱ्या माणसाला महिन्याचं टार्गेट गाठायचं असतं. तुमच्या मुलाचं भलं त्या घाईत कुठेच नाही.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मुलाने हा कोर्स करावा का, हा एक. त्यासाठी तुम्ही फायनान्स कंपनीच्या अर्जावर सही करावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "कदाचित हो" असं आहे आणि त्यावर तुम्ही माय-लेक शांतपणे बसून बोलू शकता. दुसऱ्याचं उत्तर, तुम्ही जेवढं लिहिलं आहे त्यावरून, नाही असंच आहे.

"फक्त फॉर्मॅलिटी" हे शब्द तुम्ही पतसंस्थेत किती जणांच्या तोंडून ऐकले असतील! जामीनदाराला समोर बसवून कर्जदार हेच सांगतो आणि पुढे नोटीस जामीनदाराच्या दारात येते. सहअर्जदाराचं तर त्याहून सरळ असतं, तो पहिल्या दिवसापासून कर्जदारच. हप्ता थकला की कंपनी आधी मुलाला विचारेल आणि मग तुमच्याकडे येईल, असा काही क्रम नाही. शिवाय ते कर्ज तुमच्या पॅनवर सिबिलमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या कर्जांच्या नोंदीत, दिसू लागतं, हप्ते वेळेवर जात असले तरीही.

ही व्यवस्था आतून कशी चालते ते समजून घ्या, म्हणजे मुलाशी बोलणं सोपं जाईल. तो तुमच्याशी खोटं बोलत नाहीये. त्याला अर्धंच सांगितलं गेलं आहे.

"नोकरी लागल्यावर फी" या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळे प्रकार चालतात. पहिल्यात करार फक्त शाळा आणि विद्यार्थी यांच्यात. शाळा शिकवते, पगार ठरलेल्या रकमेच्या वर गेला की विद्यार्थी त्यातला हिस्सा देतो, आणि नाही गेला तर मुदत संपताच करार संपतो. तोवर शाळेने पदरमोड करून वाट बघायची. २०१९ च्या सुमाराला बेंगळुरूत मसाई स्कूलसारख्या शाळा निघाल्या त्या याच कल्पनेवर. कल्पना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणते. ज्या घरात दोन लाख एकरकमी कधीच जमत नाहीत, त्या घरातल्या मुलाला आधी शिकायला मिळतं आणि शिकवणाऱ्यालाही तो कमावता होण्यात रस राहतो. ऑस्ट्रेलियात तर १९८९ पासून विद्यापीठाची फी अशाच रीतीने वसूल होते. उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेलं की आयकरासोबत थोडी थोडी कापली जाते, खाली असेल तर थांबते. तिथे मध्ये सरकार आहे. घरी फोन करणारा वसुली एजंट नाही.

पण वाट बघायला पैसा लागतो. शिक्षकांचे पगार दर महिन्याला द्यायचे आणि फी येणार वर्ष-दोन वर्षांनी, तीही आली तर. म्हणून दुसरा प्रकार निघाला. यात फायनान्स कंपनी मुलाच्या नावावर कर्ज मंजूर करते, त्यातून फी एकदम शाळेच्या खात्यात जाते आणि शाळा सांगते की नोकरी लागेपर्यंतचे हप्ते आम्ही भरू. मुलाला हप्ता जाताना दिसत नाही, त्यामुळे कर्ज आहे हेच ध्यानात येत नाही. शाळेला मात्र तिचे पैसे सुरुवातीलाच मिळालेले असतात. मग त्याला नोकरी लागावी म्हणून तिने जीव का टाकायचा?

शाळा चालू असते तोवर हे निभतं. २०२३ साली बेंगळुरूमध्ये डेटा सायन्स शिकवणाऱ्या एका संस्थेच्या विद्यार्थ्यांनी पोलिसांत धाव घेतली, ती याच कारणाने. कर्जं मुलांच्या नावावर काढलेली होती, हप्ते संस्था भरेल असं सांगितलं होतं. संस्थेने भरणं थांबवलं आणि वसुलीचे फोन मुलांना सुरू झाले. हप्ते भरण्याचं वचन संस्थेचं होतं. फायनान्स कंपनीने तसं कुठेच लिहून दिलेलं नव्हतं, तिच्या दफ्तरी कर्जदार म्हणून मुलांचीच नावं होती.

तुमच्याकडे आलेला अर्ज या दुसऱ्या प्रकारातला दिसतो. खात्री करून घ्यायची एक सरळ वाट आहे. कंपनीकडे "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक नव्या वैयक्तिक कर्जासाठी हे पत्रक सक्तीचं केलं आहे, बँक असो की बिगरबँक वित्त कंपनी. कर्जाची रक्कम, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा व्याजदर, हप्त्यांचं वेळापत्रक, वसुलीचे नियम आणि तक्रार कोणाकडे करायची हे त्यात आलं पाहिजे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं असंही नियम म्हणतो, म्हणजे तुम्ही हक्काने मराठीत मागू शकता. आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं कर्ज असेल तर पत्रक हातात पडल्यावर त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस तशाच ठेवाव्या लागतात. एवढा वेळ तुम्हाला विचार करायला नियमानेच दिला आहे. हे एक वाक्य त्या काउन्सेलरला सांगून बघा, आवाजातला फरक ऐकू येईल.

पत्रक आलं की त्यात एकच गोष्ट शोधा. "विद्यार्थ्याला इतक्या पगाराची नोकरी लागली नाही तर कर्ज माफ" असं फायनान्स कंपनीच्या कागदात कुठे लिहिलं आहे का? शाळेच्या माहितीपत्रकात असेल, व्हॉट्सॲपवर असेल, वेबिनारमध्ये तोंडी सांगितलेलं असेल. ते धरू नका. ज्याला पैसे परत करायचे त्याच्या कागदात नसेल, तर मुलाला नोकरी लागो न लागो, हप्ता ठरल्या तारखेला जाणार.

मँडेटबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे, मला तीच ओळ जास्त खुपली. चेक परत गेला की कलम १३८ लागतं हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पण ऑटो-डेबिट परत गेला तरी तसाच गुन्हा होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमचा पगार ज्या खात्यात जमा होतो त्या खात्याचा मँडेट दुसऱ्याच्या भरवशावर देऊ नका, मग समोर पोटचा मुलगा का उभा असेना. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. हप्ता भरायचा की नाही हे त्याच्या हातात नसून शाळेच्या हातात असणार आहे, म्हणून सांगते.

आता त्या ९३ टक्क्यांकडे येते.

या सगळ्या प्रकाराचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतली लॅम्ब्डा स्कूल. २०१७ साली सुरू झालेली ऑनलाइन कोडिंग शाळा. अट अशी, की वर्षाला ५० हजार डॉलर किंवा जास्त पगाराची नोकरी लागली की पगाराचे १७ टक्के २४ महिने द्यायचे, कमाल ३० हजार डॉलर. पुढे तिने नाव बदलून ब्लूमटेक केलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या आर्थिक ग्राहक संरक्षण विभागाने तिच्यावर आणि संस्थापक ऑस्टिन ऑलरेड यांच्यावर कारवाई केली. विभागाचं म्हणणं असं होतं, की हे कर्ज नाही आणि यात जोखीम नाही असं शाळा सांगत होती, पण ते कर्जच होतं आणि त्यात सरासरी ४ हजार डॉलरचा वित्तखर्च दडलेला होता. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम अंगावर येऊ शकत होती. विद्यार्थी कमावता झाला तरच आम्ही कमावतो, असं म्हणणारी शाळा यातले पुष्कळ करार आधीच गुंतवणूकदारांना विकून मोकळी झालेली होती. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी मिळते असं लिहिलेलं, आणि शाळेच्या स्वतःच्या नोंदींत आकडा ५० टक्क्यांच्या आसपास, काही बॅचमध्ये तर ३० पर्यंत खाली. शाळेला ग्राहकांना कर्ज देण्याच्या व्यवसायातून कायमचं बाहेर काढलं गेलं आणि संस्थापकांवर विद्यार्थी-कर्जाच्या कामात दहा वर्षांची बंदी आली.

त्या प्रकरणातली एक बारीक गोष्ट मला विसरता येत नाही. एका बॅचचं १०० टक्के प्लेसमेंट झाल्याचं संस्थापकांनी ट्विटरवर जाहीर केलं होतं. नंतर एका खासगी निरोपात त्यांनीच मान्य केलं, की त्या आकड्यामागे विद्यार्थी एकच होता.

तुमच्या मुलाची शाळा अशीच आहे असा माझा दावा नाही. पण आकडा कशाचा आहे ते विचारल्याशिवाय त्याला किंमत देऊ नका. बॅचमध्ये किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण मध्येच गळले, किती जणांना शाळेने "प्लेसमेंटसाठी पात्र" ठरवलं आणि त्या पात्र मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली? १०० मुलं आत आली, ४० गळली, उरलेल्यांतली ३० पात्र ठरली आणि त्यातल्या २८ जणांना नोकरी लागली, तरी ९३ टक्के म्हणता येतं. सगळ्यांत मोठ्या पॅकेजचा फोटो बघायचा नाही, सगळे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार विचारायचा. हे सगळं ईमेलवर मागा. फोनवर मिळालेलं उत्तर कुठे दाखवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत यशाच्या टक्केवारीचे आणि नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला मनाई आहे. विचारणं हा तुमचा अधिकार आहे, संकोच कशाचा?

मुलाला एक काम सांगा. लिंक्डइनवर त्या शाळेच्या साधारण दीड वर्षापूर्वीच्या बॅचमधली मुलं शोधायची आणि त्यांना निरोप टाकायचे. शाळेने दिलेले नंबर नकोत. चार जणांनी जरी उत्तर दिलं तरी त्याला जाहिरातीपेक्षा जास्त कळेल, विशेषतः ज्यांना नोकरी लागली नाही त्यांना पुढे काय अनुभव आला ते.

हिशेबही एकदा कागदावर मांडूया. समजा कोर्स झाला आणि त्याला ५ लाखांची नोकरी लागली. महिन्याला सीटीसी, म्हणजे पीएफ वगैरे धरून कंपनी दाखवते तो एकूण पगार, साधारण ४१,६६७. त्याचे १५ टक्के ६,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ७,३७५. छत्तीस महिन्यांचे होतात २ लाख ६५ हजार ५००. पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे वजा जाऊन हातात ३६-३७ हजार येतील, त्यातून हे गेले की उरतात २९ हजारांच्या आसपास. वाकड-हिंजवडीकडे कॉट बेसिसवर राहणं आणि मेस धरली की आणखी १०-१२ हजार गेले. जगता येतं, पण घरी पाठवायला फार काही उरत नाही, हे त्याला आधी माहीत असू द्या. ८ लाखांची नोकरी लागली तर कमाल मर्यादा लागू होईल आणि जीएसटीसह ४ लाख १३ हजार जातील. आणि करारात टक्के सीटीसीवर आहेत की हातात येणाऱ्या पगारावर? ५ लाखांत कंपनीचा बदलता बोनस धरला आहे का? जो बोनस मिळालाच नाही त्यावरही हिस्सा द्यायचा का? "सीटीसी" या एका शब्दाने महिन्याला हजारभराचा फरक पडतो.

चाकणच्या नोकरीचाही हिशेब यात आला पाहिजे. ३५ आठवडे म्हणजे आठ महिने, १६ हजारांप्रमाणे १ लाख २८ हजारांचा पगार बुडाला. त्यानंतर नोकरी शोधण्याचे महिने वेगळे. "एक रुपयाही नाही" म्हणताना हा पैसा कोणी धरत नाही. ज्या घरात तो १६ हजारांतून काही पाठवत असेल, तिथे तो पहिल्याच महिन्यात जाणवतो.

बाकीच्या अटी भरभर सांगते, करारात खूण करून ठेवा. मध्येच कोर्स सोडला तर किती द्यायचे? शाळेने आणलेली नोकरी नाकारली, किंवा महिन्याला ठरावीक अर्ज केले नाहीत, तर पूर्ण फी लागू होते का? (हे कलम बहुतेक वेळा शेवटच्या पानांवर असतं आणि सगळ्यांत जास्त मुलं त्यातच अडकतात.) त्याने स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवली, किंवा मेकॅनिकलमध्येच बढती मिळून ५ लाखांच्या वर गेला, तरी हिस्सा द्यायचा का? नोकरी गेली तर हप्ता थांबतो का? आणि नोकरी लागलीच नाही तर करार कोणत्या तारखेला संपतो? तारीख नसलेला करार घेऊ नका. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायच्या नाहीत. वाद बेंगळुरू किंवा गुरुग्रामच्या लवादापुढे चालेल असं लिहिलेलं असतं, त्याने घाबरून जाऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते, म्हणजे तुमच्यासाठी सोलापूर, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मुलाबद्दल मला तुमच्याइतकीच काळजी वाटते. बी. ई. होऊन १६ हजारांवर ट्रेनी म्हणून राबणाऱ्या मुलाला आपण कुठेतरी अडकून पडलोय असं वाटणं साहजिक आहे. त्याची धडपड चांगली आहे, ती मोडू नका. फक्त आजचा बाजार त्याला खरा खरा सांगायला हवा. २०२१ मध्ये आयटी कंपन्या दिसेल त्याला घेत होत्या, ते दिवस आता नाहीत. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस आणि इन्फोसिस या दोन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या घटली. मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आगेमागेच आहे, म्हणजे ५ लाखांची अट ही साध्या पहिल्या नोकरीच्या बरीच वरची आहे. जुजबी वेबसाइटचा कोड आता एआय काही मिनिटांत लिहून देतं. नवख्याला त्यापलीकडचं काही यावं लागतं.

त्याच्याकडे मात्र पलीकडचं काही आहे. शॉप फ्लोअरवर घालवलेला काळ. लाइन का थांबते, रिजेक्शन कुठे होतं, पीएलसी कशाला म्हणतात हे कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाला पुस्तकातूनही नीट कळत नाही. गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम पुण्यात मोठं आहे, केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज दोन्ही तिथल्याच. कारखान्यातला डेटा, ऑटोमेशन, चाचण्या, एम्बेडेड सी, पायथॉन या बाजूने तो सॉफ्टवेअरकडे वळला तर त्याची डिग्री वाया जात नाही आणि अनुभवही नाही. सगळेच करतात तोच वेब डेव्हलपमेंटचा कोर्स करून तो हजारोंच्या रांगेत शेवटी का उभा राहील? हे माझं मत आहे, पण पक्कं आहे. त्याच्याशी यावर बोला.

आणि नोकरी सोडण्याआधी तीन महिने त्याने रोज संध्याकाळी दोन तास चाकणला राहूनच शिकून बघावं. फ्रीकोडकॅम्प, हार्वर्डचा सीएस५०, आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे कोर्स, सगळं फुकट शिकता येतं. ड्यूटी करून थकलेला असताना त्याला त्यात गोडी लागली, अडलेली चूक शोधायला तो रात्री बाराला उठून बसला, तर समजा हा मुलगा त्या वाटेचा आहे. महिनाभरात कंटाळला तर रोज बारा तासांचा कोर्स त्याच्याकडून होणार नाही, आणि हे कळायला एक पैसाही खर्च झालेला नसेल.

गोडी लागली तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचाही विचार करायला सांगा. पुण्यात आपल्या मुलांनी वर्षानुवर्षं चोखाळलेली वाट आहे ती. पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा डिप्लोमा, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा, कोणत्याही शाखेच्या इंजिनिअरला गुणांची अट पूर्ण होत असेल तर बसता येतं, आणि शेवटी केंद्रांवर कंपन्या येतात. फी जीएसटी धरून लाखाच्या थोडी वर जाते आणि ती आधी भरावी लागते. पण रक्कम आज माहीत असते, पगाराबरोबर वाढत नाही.

मग "नोकरीनंतर फी" वाल्या कोर्सला मी हो कधी म्हणेन? तीन महिने त्याने स्वतः शिकून बघितलेलं असेल, करार थेट शाळेशी असेल, त्यात फायनान्स कंपनी नसेल, करार संपण्याची तारीख लिहिलेली असेल आणि जुन्या मुलांनी बरं सांगितलं असेल, तर त्याने जरूर करावा. त्या वेळीही सही त्याची एकट्याची पुरे. तो सज्ञान आहे, कमावता आहे. ज्या शाळेचा त्याच्या नोकरीवर भरवसा आहे तिला त्याच्या आईचा पगार तारण कशाला लागतो, हा प्रश्न त्याने स्वतःच काउन्सेलरला विचारावा. त्याला मिळालेलं उत्तर तुमच्या दहा वेळा समजावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

"तुझा विश्वास नाही" या बोलण्याने तुम्ही दुखावलेल्या आहात, ते पत्रात जाणवतं. वाद घालू नका. पतसंस्थेत कोऱ्या मनाने आलेल्या माणसाला तुम्ही जसा कागद समजावून सांगता, तसा रविवारी त्याच्या शेजारी बसून हा करार ओळ न ओळ वाचा. "कर्जदार" या रकान्यात त्याचं आणि तुमचं नाव आहे, शाळेचं नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. पोरगं शहाणं आहे, त्याने स्वतःहून तुम्हाला कागद दाखवले.

आता धाकटीविषयी. तुमची भीती खरी आहे. पुढे तिला बँकेचं शैक्षणिक कर्ज लागलं तर तिथे पालक सहअर्जदार लागतातच, आणि बँक तुमचा सिबिल आणि तुमच्यावरचे चालू हप्ते बघणार. तुमची सही तिच्यासाठी मोकळी ठेवा. पण कदाचित कर्जाची वेळही येणार नाही. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. तुमचे आणि यजमानांचे पगार मिळून या मर्यादेत बसतील असं वाटतं. वेगळ्या प्रवर्गात येत असाल तर त्याच्या शिष्यवृत्त्याही महाडीबीटीवरच आहेत. बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांची कामं आत्ताच हातात घ्या, आणि आधार तिच्या बँक खात्याला जोडलेलं आहे का तेही बघून ठेवा.